घरातला जबाबदार माणूस

९ जानेवारी, दुपार. हॉस्पिटल.
मुलगी झाली. नाव हॅटी. वजन उत्तम, आवाज त्याहून उत्तम. जनेल दमली आहे पण खूश आहे. मीही दमलोय. बायकोच्या उशाशी इतके तास उभं राहून धीर देणं वाटतं तितकं सोपं नसतं.

नर्स चौकशीला आली. गरोदरपणात दारू, सिगारेट, आणखी काही? जनेल तोंड उघडणार, तेवढ्यात मीच सांगून टाकलं. ओकाऱ्या थांबत नव्हत्या, पोटात पाणी ठरत नव्हतं, डॉक्टरांच्या औषधांनी फरक पडेना, म्हणून अधूनमधून गांजाची पेपरमिंटची गोळी घ्यायची. शेवटपर्यंत. परवान्याच्या दुकानातून आणलेली. मिशिगनमध्ये पूर्ण कायदेशीर, बेकरीच्या शेजारी मिळते. नर्स म्हणाली, सांगितलंत ते बरं झालं. मी जनेलकडे बघून डोळा मारला. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी खुर्च्यांच्या कारखान्यात विक्रेत्यांना ट्रेनिंग देतो. गिऱ्हाइकाने शंका काढायच्या आत आपणच बोलून मोकळं व्हावं, हा माझा पहिला धडा. नर्स एकदम निश्चिंत होऊन गेली.

११ जानेवारी.
हॅटीची तपासणी केली म्हणे. गोळीचा अंश सापडला. बाळ ठणठणीत आहे, पण हॉस्पिटलला बालकल्याण खात्याला कळवावंच लागतं. समाजसेविकेने हे इतक्या अवघडून सांगितलं, की मलाच तिची समजूत घालावी लागली. म्हटलं, कळवा की. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

घरी येताना जनेल गाडीत मागे बाळाजवळ बसली. एकच वाक्य बोलली, की क्रेग, यापुढे मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देऊ दे. बाळंतपणानंतर बायका हळव्या होतात, असं ऐकून होतोच.

१४ जानेवारी, सकाळ.
आज खात्याच्या बाई येणार. मिस प्रूइट. ठरवलंय: हसायचं, कमी बोलायचं, 'गांजा' हा शब्द तोंडात आणायचा नाही. 'प्रॉडक्ट' म्हणायचं. कारखान्यातून आमचं सगळ्यात भारी मॉडेल आणून ठेवलंय, कमरेला आधार देणारं. माणूस नीट बसला की निम्मं काम होतं.

संध्याकाळ.
भेट छान झाली. खुर्चीचा खटका जरा सैल निघाला. प्रूइट मॅडम बोलता बोलता खाली खाली जात राहिल्या, शेवटी हनुवटी टेबलाच्या रेषेत आली. मग त्या उठून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. सौजन्य मात्र लक्षात राहिलं असणार.

मी सरळ विचारलं, प्रॉडक्ट कायदेशीर आहे की नाही? त्या म्हणाल्या, आहे, दारूही कायदेशीर आहे. म्हटलं, बघा, म्हणजे आपलं एकमतच आहे. त्यांनी त्यावर काहीतरी टिपून घेतलं.

जनेलला त्यांनी बरंच विचारलं. ती सांगत होती, की सातव्या महिन्यात बाथरूमच्या फरशीवरच उशी नेऊन झोपायचे, कारण उठून जाण्याइतकी ताकद नसायची. हे मला आठवत नव्हतं. मॅडमनी तिला विचारलं, आज जेवलीस का.

मग अट आली. हॅटी घरीच राहील, पण जनेलने बाळाबरोबर एकटं राहायचं नाही. घरात कायम एक जबाबदार माणूस हवा, काहीही न घेणारा. मी ताबडतोब हात वर केला. त्यांनी विचारलं, तुम्ही कधी घेता का? आता मी पडलो खरा माणूस. सांगितलं, रविवारी टीव्हीवर फुटबॉल असलं की एखादी. आमची टीम ज्या पद्धतीने खेळते, ती कोऱ्या डोक्याने बघवत नाही. हा विनोद कारखान्यात नेहमी चालतो. मॅडम म्हणाल्या, मिस्टर डायखाउस, हात खाली घेतलात तरी चालेल.

जनेलची दर आठवड्याला तपासणी होणार. निकाल स्वच्छ होत गेले आणि घरात काही गडबड झाली नाही, तर फेब्रुवारीअखेर केस बंद. नाहीतर कोर्ट, आणि हॅटी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. हे शेवटचं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. जनेलने हॅटीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

१५ जानेवारी.
जबाबदार माणूस आला. माझ्या सासूबाई, आर्लीन होक्झेमा. आयुष्यात त्यांनी खोकल्याचं औषधसुद्धा अर्धाच चमचा घेतलंय. म्हटलं, आई, आपलंच घर समजा. म्हणाल्या, तसं समजले असते तर आधी हे पडदे धुतले असते.

प्रूइट मॅडमचा नंबर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला.

जनेलने मला गोळ्यांचा डबा दिला. म्हणाली, आत्ताच्या आत्ता फेकून ये. लगेच बाहेर गेलो. पण विचार केला: कचऱ्यात टाकला आणि कुणी बघितला तर? संडासात टाकल्या आणि नळ तुंबला तर? शिवाय कायद्याने घेतलेली वस्तू नागरिकाने चोरासारखी का फेकावी? गॅरेजमध्ये हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे. तात्पुरता. जनेलला सांगितलं, फेकला.

२२ जानेवारी.
लोकांचा पाठिंबा मिळवायला सुरुवात. चर्चच्या प्रार्थनासभेत उभा राहिलो आणि सांगितलं, जनेलच्या ड्रग्जच्या प्रकरणासाठी सर्वांनी प्रार्थना करा. मग आमचे ज्येष्ठ सभासद हार्व वांडर प्लूग यांनी घसा खाकरून प्रार्थना सुरू केली आणि बरीच लांबवली. खूप मोकळं वाटलं.

२५ जानेवारी.
बाळंतिणीच्या घरी रोज कुणीतरी जेवण आणून द्यायचं, अशी आमच्या चर्चची पद्धत आहे. आधी हॅम बन, चिकन-भाताचं कॅसरोल, पवनचक्कीच्या आकाराची बिस्किटं यांचा नुसता पूर होता. परवापासून बंद. बर्फ जास्त पडलाय, रस्ते खराब असतील.

सासूबाई म्हणाल्या, बर्फ फक्त आपल्याच दारात पडलाय का रे?

जनेल आता चर्चला यायला नको म्हणते. सासूबाईंनीही तिच्याशी फारसं बोलणं ठेवलेलं नाही. बाळाचे कपडे बदलतात, सूप करतात, आणि जनेल खोलीत आली की ओठ मिटतात. दोघींच्या मध्ये मी वातावरण हलकं ठेवतो. त्याबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.

७ फेब्रुवारी.
जनेलची तपासणी स्वच्छ! मॅडम फोनवर म्हणाल्या, असंच चालू ठेवा. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडली, हॅटीला मांडीवर घेऊन. मीही बसलो. हॅटीने माझं बोट धरलं आणि सोडेना. फोन वाजत होता, उचलला नाही.

जनेल आता चर्चला यायला तयार आहे. तेवीस तारखेला बाप्तिस्मा करू. त्याच आठवड्यात केस बंद.

१२ फेब्रुवारी.
प्रूइट मॅडम न सांगता आल्या. कपाटं उघडली, औषधांचं ड्रॉवर बघितलं, गॅरेजच्या दारातही डोकावल्या. हत्यारांच्या पेटीपासून चार पावलांवर होत्या. मी मोठ्याने हवामानावर बोलत राहिलो. त्या गेल्या.

ही जागा बरोबर नाही.

१३ फेब्रुवारी.
डोकं चालवलं. डबा रिकामा केला, ठेचून कारखान्याच्या भंगारात टाकला. गोळ्या साध्या पेपरमिंटच्या पिशवीत भरल्या. तशाच पांढऱ्या, तशाच गोल, आता सगळं प्रकरण निनावी झालं. पिशवी रविवारच्या कोटाच्या खिशात. तो कोट मी चर्चशिवाय कुठेच घालत नाही, आणि चर्चमध्ये कोण झडती घेतंय! मधल्या रविवारी कारखान्याच्या कामाला जातोय, म्हणजे बाप्तिस्म्यापर्यंत त्याला कुणाचा हातही लागणार नाही.

असल्या गोष्टी ज्याला सुचतात, त्याला लोक जबाबदार का म्हणत नाहीत?

२३ फेब्रुवारी, रविवार. चर्चहून आल्यावर.
अपूर्व दिवस. हॅटी पाणी पडल्यावर एकदाच शिंकली. हार्वने सगळ्यांसमोर जनेलशी हात मिळवला. त्याच्या बायकोनेही. कॅसरोल पुन्हा सुरू होणार, असा माझा अंदाज आहे.

पास्टरांचं प्रवचन नेहमीप्रमाणे तीन मुद्द्यांचं. ते 'पहिला मुद्दा' म्हणाले, तसे सगळ्या बाकांवर खिसे कुरकुरले. आमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून असंच चालतं. एका मुद्द्याला एक पेपरमिंट, म्हणजे प्रवचन सुसह्य होतं. बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाने काढायची आणि पुढे सरकवायची. आज टोकाला मी होतो. खिशात हात घातला तर भरलेली पिशवी! किती दिवसांनी कुटुंबप्रमुखाचं काम नीट पार पडलं. सासूबाईंनी तिन्ही मुद्द्यांना घेतली. पुटपुटल्या, हल्ली पेपरमिंटलासुद्धा गवताची चव येते. जनेलने दोन घेतल्या. हॅटीला छातीशी धरून डोळे मिटून बसली होती, ओठांच्या कोपऱ्यात गोळी. मला वाटलं, संपलं आता सगळं, सुटलो आपण.

दुपार. जेवणाच्या टेबलावरूनच लिहितोय.
रोस्ट, बटाटे, बीन्स. ग्रेव्ही फार सुंदर आहे. आजवर मी ग्रेव्हीकडे नीट बघितलंच नव्हतं. सासूबाईही तिच्याकडेच बघताहेत. लग्नानंतर प्रथमच आम्ही दोघं एका गोष्टीकडे बघतोय.

थोड्या वेळाने.
सासूबाई हसताहेत. 'बीन्स' म्हणतात आणि हसतात. मीही. जनेल हसत नाही. ती मघापासून विचारतेय, मला असं का होतंय? क्रेग, मला असं का होतंय? तिने हॅटीला पाळण्यात ठेवलं आणि स्वतः पाळण्यापासून दूर जाऊन उभी राहिली.

आता सासूबाई रडताहेत. जनेलचा हात धरून म्हणाल्या, पोरी, तुझ्या वेळी मीही अशीच ओकून ओकून अर्धी झाले होते गं. म्हातारे डॉक्टर म्हणाले, रोज संध्याकाळी एक ग्लास वाइन घे, बरं वाटेल. घेतली मी. रोज घेतली. माझं दार कुणी वाजवलं नाही, आणि मी इतके दिवस तुझ्याशी तोंड वाकडं करून बसले. जनेलने त्यांना मिठी मारली. मला वाटलं आपणही जावं. खुर्ची सोडेना.

मग सासूबाई एकदम थांबल्या. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, माझं हृदय बंद पडलंय. नंतर म्हणाल्या, बंद पडलं असलं तरी काम आधी. भिंतीला धरत धरत फ्रिजपर्यंत गेल्या आणि तो नंबर लावला. शब्द न् शब्द ऐकला मी. म्हणाल्या, मी आर्लीन होक्झेमा, ह्या घरातली जबाबदार व्यक्ती. कळवायचं असं, की मी आता जबाबदार राहिलेले नाही. आम्ही तिघं आहोत, तिघांचंही काही खरं नाही, आणि घरात बाळ आहे.

मी दाराकडे बघितलं. खुंटीवर कोट.

संध्याकाळ.
ॲम्ब्युलन्स सासूबाईंना घेऊन गेली. सासूबाई स्ट्रेचरवरून मला म्हणाल्या, बाळा, बीन्स झाकून ठेव.

प्रूइट मॅडमबरोबर एक पोलीस होता. मॅडम रविवारच्या घरच्या कपड्यांत होत्या, बुटांवर बर्फ. कुणाला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बोलता आलं असतं. मी सांगायचा प्रयत्न केला, की ही निव्वळ पेपरमिंटची गडबड आहे. दोन-तीनदा सांगितलं. पोलीस म्हणाला, बसा तुम्ही.

जनेलने हॅटीची पिशवी स्वतः भरली. लंगोट, दोन झबली, फ्रीजरमधलं दूध. पिवळी टोपी सापडेना, ती शोधत राहिली, मॅडम थांबल्या. टोपी शेवटी हॅटीच्या डोक्यावरच होती. बाप्तिस्म्याच्या कपड्यांतच गेली. गाडीच्या सीटमध्ये झोपली होती, तिला काही कळलं नाही.

मला फार वाईट वाटतंय.

२४ फेब्रुवारी.
तिघांच्याही तपासण्या, तिघांतही अंश. सासूबाई बऱ्या आहेत, घरी आल्या. जनेलला काल रात्री सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने फक्त विचारलं, की तू फेकला म्हणाला होतास ना? आणि दूध काढायच्या मशीनपाशी जाऊन बसली. दर थोड्या वेळाने त्या मशीनचा आवाज येतो. घरात बाळ नाही आणि दूध चालूच आहे.

हॅटी कुठल्या घरी आहे ते सांगत नाहीत. चांगलं घर आहे, एवढंच.

सासूबाईंनी जनेलचा पलंग स्वतःच्या खोलीत घेतला आहे. आता दोघी सारख्या बोलत असतात. एवढं तरी माझ्यामुळे झालं.

२८ फेब्रुवारी.
कोर्टाची तारीख ५ मार्च. कोर्टाकडून फुकटचा वकील मिळालाय आम्हाला, तरुण आहे, टाय वाकडा. म्हणाला, मिस्टर डायखाउस, कृपा करून तुम्ही बोलू नका. बोलणं हा माझा धंदा आहे हे त्याला माहीत नसावं. भाषण तयार करतोय. तीन मुद्दे: कायदा, कुटुंब, पेपरमिंटची परंपरा. शेवटी थोडा विनोद. आरशासमोर दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा आवाज जरा फाटला.

५ मार्च, दुपार.
बोललो! वकील कोट ओढत होता तरी उभा राहिलो. न्यायाधीश बाई म्हणाल्या, ठीक आहे, थोडक्यात सांगा. पहिल्या मुद्द्याच्या आधी पार्श्वभूमी द्यावी म्हणून सांगितलं, की जनेलने गोळ्या फेकायला दिल्या होत्या, मी फेकल्या नाहीत, तिला फेकल्या म्हणून सांगितलं, पिशवी मी बदलली, आणि बाकावर मी वाटल्या. तिला आणि सासूबाईंना काही ठाऊक नव्हतं. एवढं झाल्यावर बाई म्हणाल्या, पुरे. म्हटलं, अजून तीन मुद्दे बाकी आहेत. म्हणाल्या, बसा, जे हवं होतं ते मिळालं.

आणि निकाल आपल्या बाजूने! हॅटी उद्या घरी. आईची चूक नाही, आजीची चूक नाही. आर्लीनबाईंवर कोर्टाचा विश्वास आहे, त्यांनी स्वतःविरुद्ध फोन केला होता म्हणून. जनेलने कोर्टातच सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

वडिलांनी मात्र पुढचा हुकूम होईपर्यंत दुसरीकडे राहायचं आहे. आठवड्यातून एक भेट, आर्लीनबाईंच्या देखरेखीखाली. एवढ्या मोठ्या विजयात एवढी तडजोड करावी लागतेच. वकील बाहेर आल्यावर म्हणाला, तुम्ही असं बोलणार हे आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला अडवलं नसतं.

६ मार्च.
हार्वच्या तळघरात सोय झाली आहे. हॅटी दुपारी घरी पोचली. मला हार्वच्या बायकोकडून कळलं, ती कॅसरोल घेऊन गेली होती.

१८ मार्च.
पहिली भेट. स्वतःच्या दाराची बेल वाजवली, गंमत वाटली. पडदे धुतलेले होते. बाळाला खेळवत मी पालकत्वाचे जे वर्ग सुरू केलेत त्यांची माहिती देत होतो, तर सासूबाई म्हणाल्या, अरे, तिच्याशी बोल की. हॅटीशी काय बोलायचं ते मी ठरवून आणलेलं नव्हतं.

विचारलं, मी घरी कधी येऊ? जनेल म्हणाली, कोर्ट सांगेल तेव्हा. म्हटलं, कोर्टाचं सोड, तुला काय वाटतं? ती झबल्यांच्या घड्या घालत राहिली.

ठराव: पुढच्या भेटीपासून कमी बोलायचं. घरी परतायची मुदत मी मनाशी एप्रिलचा पहिला आठवडा धरली आहे.

८ एप्रिल.
मुदत पुढे ढकलली.

२२ एप्रिल, मंगळवार.
आजची भेट. ठरवल्याप्रमाणे बोललो नाही. हॅटीला मांडीवर घेतलं, वजन खूप वाढलंय.

जनेलच म्हणाली, की शनिवारी हॅटी पहिल्यांदा आवाज करून हसली. आंघोळ घालताना. मुठीत साबणाचा फेस धरायला गेली, तो निसटला, आणि हसली. सासूबाईही म्हणाल्या, हो, मीसुद्धा ऐकलं, अगदी पोटातून हसली.

विचारलं, कशी हसली? सासूबाई म्हणाल्या, बाळं हसतात तशी, आणखी कशी. जनेलने आवाज काढून दाखवायचा प्रयत्न केला. दोनदा काढला. मग म्हणाली, नाही, असं नव्हतं ते, जमत नाही मला.

मी हॅटीला हसवून पाहिलं. जीभ काढली, गाल फुगवले, मुठीत बोट दिलं. तिने माझ्याकडे बराच वेळ नीट बघितलं. मग सासूबाईंच्या दिशेने हात केले. सासूबाई म्हणाल्या, वेळ झाली रे क्रेग. रागाने नाही म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर जनेलने काढलेला आवाज मी स्वतः काढून पाहिला. पण तसा नव्हता, हे तिनेच सांगितलं होतं. मग कसा होता, हे विचारायला परत आत जाता येत नाही. पुढचा मंगळवार यायचा आहे.